टँकवरचा कोरडा पाषाण

परवा दुपारी चार वाजता अंगावर फक्त पोहायची चड्डी, डोक्यावर निळी रबरी टोपी, कपाळावर गॉगल आणि तोंडावर मास्क अशा अवतारात मी पंधरा मिनिटं उन्हात उभा होतो. शिक्षा म्हणून नाही, टेंपरेचर यावं म्हणून.

आमचा पोहायचा टँक कोरोनाच्या या दोन वर्षांत किती वेळा उघडला आणि किती वेळा बंद झाला याचा हिशोब मी सोडलाय. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात वर्षाचा पास काढला, पंधरा दिवसांत कुलूप. (पास अजून पाकिटात आहे, त्यावरच्या फोटोतल्या माणसाला केस आहेत.) यंदा, २०२२ च्या जानेवारीत, तिसरी लाट आली, परत कुलूप. आता ५० टक्के माणसं घेऊन चालू केलाय. घरी आनंदानं सांगितलं, पूल उघडला! तर आई म्हणाली, "आयर्विनचा पूल बंद होता होय रे?"

तर नियम असा की आधी शॉवर घ्यायचा, मग टेबलाशी यायचं, टँकवरचे मामा बंदुकीनं टेंपरेचर बघणार, वहीत लिहिणार, मग पाणी. खरंतर हे टेबल गेटवर पाहिजे, पण गेटवर ऊन लागतं म्हणून मामांनी ते आत सावलीला, शॉवरच्या पुढं आणून ठेवलंय. मी थंडगार पाण्यानं अंग भिजवून, पाणी निथळत मामांपुढं कपाळ धरलं. टिट्.

"लो आलंय," मामा म्हणाले.

म्हटलं बरं झालं, ताप नाही.

"ताप न्हाई ते मला बी कळतंय वो. पर वहीत काय लिहू? लो हा आकडा हाय का?"

आता यात मामांची चूक नाही, सांगलीचीच हवा आहे ती. आपल्या गावाला आकड्याशिवाय चैन पडत नाही. पावसाळ्यात कोण कुणाला कसा आहेस विचारत नाही, "किती फूट झालं?" एवढंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ च्या पुरात ५७ च्या वर गेलं तेव्हा माळ्यावर बसून आम्ही आकडाच ऐकत होतो. तेव्हा पोहायला शॉवर लागला नाही, पास लागला नाही, पाणी स्वतः घरी आलं होतं.

मी मामांना समजावलं, अहो ही बंदूक कातडीचं तापमान घेते, कातडी ओली आणि गार आहे म्हणून लो दाखवतीय, आतून मी गरमच आहे. "आतलं मला दिसत न्हाई," मामा म्हणाले. मग म्हणाले, "असं करा साहेब, उन्हात थांबा जरा. तापलासा की या."

तापलासा की या. जसा काय मी बंब.

थांबलो. शेजारच्या कट्ट्यावर एक आबा बसले होते, धोतर, हातात पिशवी, ते पोहायला आलेच नव्हते, नातवाला घेऊन आले होते आणि नातू वय बसत नाही म्हणून बाहेर काढला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पैसं देऊन उभं केलंय?" म्हटलं हो. "किती?" सांगितलं. आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "कृष्णेत जावा की. आमच्या बाऽनं पाठीला डबा बांधून ढकललं होतं, कुणी टेंपरेचर बघितलं न्हाई."

"आबा, मगरी आहेत आता."

"मगर काय रोज येतीया व्हय? आन् आली तरी मास्क मागत न्हाई."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

तेवढ्यात मुलीच्या शाळेतल्या बाई गेटातून आत आल्या. मी मास्क आणखी वर ओढला. मास्कचा दोन वर्षांत झालेला सगळ्यात मोठा उपयोग तो. तरी त्या म्हणाल्याच, "नमस्कार, आज उन्हात?"

पंधरा मिनिटांनी परत कपाळ. टिट्. १००.२.

"ताप हाय," मामा खुर्ची मागं सरकवत म्हणाले.

इथं माझं डोकं खरंच तापलं. अहो तुम्हीच उन्हात उभं केलंत! आणि इथं पाण्याला घाबरायचं कारणच काय? लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं गेल्या वर्षी, २०२१ ला, तपासलंय, लिटरला दीड मिलिग्रॅम क्लोरीन असेल आणि पीएच सातच्या आसपास असेल तर पाण्यातला हा विषाणू तीस सेकंदांत निकामी होतो.

मामांनी हे नीट ऐकून घेतलं. "तीस सेकंदांत?"

"तीस सेकंदांत."

"मग तीस सेकंद पवा आन् या भाईर."

मी वहीत डोकावलो. माझ्या वरच्या अठराही माणसांचं टेंपरेचर ९७.४. अठराही. म्हटलं हे काय? "त्येंच्या टायमाला सेल उतरलं हुतं. तुमचं मशीन दावतंय, तर खोटं कसं लिहू?"

आणि खरी चीड पुढंच आहे. पाण्यात वीस माणसं लांब लांब, मोकळ्या हवेत, क्लोरीनमध्ये. पण कपडे बदलायच्या खोलीत? तिथं पंधराजण खांद्याला खांदा लावून, खिडकी बंद, पंखा बंद, आणि सगळ्यांचे मास्क एकाच खिळ्यावर, केळ्याच्या घडासारखे. ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचा चिमटा एक, दोऱ्यानं बांधलेलं पेन एक, सगळ्यांनी तेच धरायचं. नाकात जाणारा तो उग्र वास आला की लोक खूश होतात, दाबून क्लोरीन टाकलाय म्हणून. उलट असतं, क्लोरीन लोकांच्या घामाशी आणि मुताशी भिडला की तो वास सुटतो. शिकलेली माणसं शॉवर टाळून उडी मारतात. मी शॉवर घेतला, मी बाहेर. आमच्या पोरांना पोहायला शिकवणाऱ्या कोचनं या दोन वर्षांत भाजीची गाडी लावली, त्याला कुणी अर्धा पगारसुद्धा दिला नाही, पण फरशीवर सहा फुटांचे पिवळे गोल दोनदा रंगवून झाले. पासचे पैसे मागितले तर म्हणतात अर्ज करा. केलाय. तीन वेळा.

पाच वाजायला पंधरा मिनिटं असताना बॅचची शिट्टी झाली. मामांनी वही पुढं केली, बाहेर पडायची सही पाहिजे म्हणाले. आत गेलोच नाही तर बाहेरची कशी? "गेटातून आलासा न्हवं?" केली सही, त्याच पेनानं.

घरी आलो तर बायकोनं आधी केस बघितले, कोरडे. मग कपाळाला हात लावला. म्हणाली, "अंग गरम लागतंय हो तुमचं."

सगळं सांगितलं. ऊन, बंदूक, आबा, मगर. तिनं शांतपणे वरच्या खोलीत गादी टाकली.

तिथूनच लिहितोय. आत्ताच दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज आला, आमटी असावी.