थोमाला उगाच बदनाम करू नका

लेखात म्हटलंय की 'पुरावा न मागता मानणं म्हणजेच ख्रिस्ती विश्वास' आणि त्याला आधार बायबलमधल्या इब्री ११:१ चा, हे काही पटलं नाही. त्या वचनात भरवसा आणि खात्री असे शब्द आहेत, डोळे मिटा असं कुठंय? येशूचा शिष्य थोमा, त्याने येशू मेलेल्यातून उठलाय हे वधस्तंभावरच्या जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हटलं तर येशूने त्याला हाकललं नाही, हात पुढे केले (योहान २०), हां, न बघता मानणारे धन्य असंही म्हणाला पण ते नंतर. प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सरळ लिहितो की उठलेल्या ख्रिस्ताला ५०० पेक्षा जास्त जणांनी एकाच वेळी बघितलंय, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत, आणि ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ.

आमची आजी नगरची, तिच्या पवित्र शास्त्रात मार्क ९:२४ खाली पेन्सिलीची इतकी जाड रेघ की पान फाटायला आलंय. आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, तेच. लहानपणी मी संडे स्कूलमध्ये प्रश्न विचारला की गप्प बसवायचे, आजी मात्र म्हणायची बिरुयाच्या लोकांसारखं (पौलाचं ऐकून ते खरं आहे का हे शास्त्रात बघणारे) रोज शास्त्र उघडून तपासून बघ गं.