हजारो मेले म्हणे, सापडला एकही नाही: होया दे सेरेनची खरी हकिकत

‘अमेरिकेतलं पॉम्पेई’ (पॉम्पेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं इटलीतलं प्राचीन रोमन शहर) अशा मथळ्याचा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सारांश असा: मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात होया दे सेरेन नावाचं प्राचीन माया संस्कृतीतलं शहर होतं. चौदाशे वर्षांपूर्वी महाकाय ज्वालामुखी फुटला आणि हजारो माणसं होती तिथेच गाडली गेली. संशोधकांनी मोठ्या चिकाटीने शोध घेऊन ते शहर हुडकलं. राजाच्या टाचेखाली नुसत्या मक्यावर जगणारी ती गरीब रयत होती आणि माया संस्कृतीची अखेर तिथूनच सुरू झाली. यातलं गाव खरं आणि ज्वालामुखीही खरा. बाकीच्याची झाडाझडती घेऊ.

आधी ‘शहर’. होया दे सेरेन हे खेडं होतं, तेही लहानसं. राजधानी सान साल्वादोरच्या वायव्येला साधारण ३५ किलोमीटरवर, सापोतितान खोऱ्यात, रिओ सुसिओ नदीच्या काठाला. आजवर १८ बांधकामं ओळखली गेलीत, त्यातली दहाएक उकरून झालीत. वस्ती २०० च्या आसपास असावी, असा अंदाज आहे. पिरॅमिड, दरबार वगैरे बघायचं असेल तर ते जवळच्या सान आंद्रेसला.

‘महाकाय ज्वालामुखी’ या भागात दोन वेगळ्या घटनांची खिचडी झाली आहे. महाकाय उद्रेक झाला होता, पण तो इलोपांगोचा. सान साल्वादोरच्या पूर्वेला आज जिथे त्याच नावाचं सरोवर आहे, तिथला. त्याच्या पांढऱ्या राखेने सगळं खोरं ओस पडलं आणि पुढे त्याच राखेवर पुन्हा माती धरल्यावर लोक परतले. होया दे सेरेन वसलं ते त्यानंतर. त्याला गाडलं लोमा काल्देरा नावाच्या चिमुकल्या मुखाने, गावापासून जेमतेम ६०० मीटरवर. तप्त शिलारस नदीच्या पाण्याला भिडला, वाफेचे स्फोट होत राहिले आणि एकावर एक १४ थर बसले. गावावर चार-पाच मीटर राख चढली, पण आसपासच्या काही चौरस किलोमीटरपलीकडे फारसं नुकसान झालं नाही. थोडक्यात, उद्रेक छोटा होता आणि गाव त्याच्या अगदी उशाशी.

आता ‘हजारो मृत’. होया दे सेरेनमध्ये उद्रेकात मेलेल्या माणसाचा एकही सांगाडा आजवर सापडलेला नाही. कोठीत दोरीने बांधलेलं एक बदक सापडलं, छपराच्या गवतात उंदीर सापडले. माणसं निसटलेली दिसतात, बहुधा भूकंपाचा हादरा किंवा वाफेचा आवाज ऐकून. पुढे त्यांचं काय झालं हा वेगळा प्रश्न, पण घरात तरी कुणी अडकलेलं नव्हतं. वेळही बऱ्यापैकी सांगता येते. जेवणं झालेली, भांडी खरकटी, एका वाडग्यात तर बोटांनी निपटून खाल्ल्याच्या रेघा जशाच्या तशा. झोपायच्या चटया मात्र अजून गुंडाळून ठेवलेल्या. म्हणजे संध्याकाळ उलटून गेलेली, निजानीज व्हायची होती. मका पिकत आला होता, त्यावरून महिना ऑगस्टचा असावा.

पॉम्पेईशी साम्य आहे, पण ते खणण्याच्या रीतीत. तिथे १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी देह कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि माणसांचे आकार मिळवले. इथेही पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, तेव्हा हाती आली मक्याची ताटं, घायपाताची रोपं आणि कसाव्याचे कंद. ‘अमेरिकेतलं पॉम्पेई’ म्हणत प्रेतं शोधणाऱ्यांना यात मजा वाटत नसावी. मला विचाराल तर चौदाशे वर्षांपूर्वीची परसबाग रोपागणिक हाती लागणं ही जास्त दुर्मीळ गोष्ट आहे.

चिकाटीच्या शोधाची कथाही गोड आहे, पण खरी नाही. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने एक घर कापलं. ते इतकं शाबूत होतं की पाहणीला आलेल्या तज्ज्ञाला ते अलीकडचंच वाटलं आणि काम तसंच पुढे चालू राहिलं. काही घरं त्यात गेली. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स तिथे पोचले आणि छपराच्या जळक्या गवताची कार्बन तपासणी झाली, तेव्हा खरं वय कळलं. मग देशात यादवी पेटली आणि खणणं कैक वर्षं रखडलं. १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नाव घातलं.

राहिली ती ‘मक्यावर जगणारी गरीब रयत’. मका होताच, शिवाय घेवडा, भोपळा, मिरची, पेरू, कोको. २००७ मध्ये गावाच्या दक्षिणेला कसाव्याचं शेत सापडलं, तेही नीट वाफे-सरी पाडून केलेलं. उद्रेकाच्या थोडंच आधी कंद काढून झाले होते आणि पुढच्या पिकासाठी खोडाचे तुकडे पुन्हा लावलेले होते. (आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि हे पीक आपल्याकडे आलं ते अमेरिका खंडातूनच.) शेजारशेजारच्या तुकड्यांत सऱ्या वेगवेगळ्या रुंदीच्या आहेत. वरून हुकूम येत असता तर त्या एकसारख्या असत्या, असं शीट्स यांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे. घरं कोकणातल्या कुडासारख्या भिंतींची, भूकंपात डुलतील पण सहसा अंगावर कोसळणार नाहीत अशी. ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची) धारदार पाती पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून छपरात खोचलेली. एकेका घरात मातीची डझनावारी भांडी, त्यात बाहेरून आणलेली रंगीत नक्षीची. गावाला घुमटाच्या छताचं सामायिक वाफ-स्नानघरसुद्धा होतं. असल्या घरांना ‘टाचेखालची’ म्हणायला पुरावा काय, हे मजकूर लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही.

आणि ‘माया संस्कृतीची अखेर’? हे गाव गाडलं गेलं साधारण सातव्या शतकात. टिकाल या माया शहरातलं ते प्रसिद्ध उंच पहिलं मंदिर आठव्या शतकातलं, कोपान या दुसऱ्या माया शहराचे राजे नवव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गादीवर. माया भाषा तर ग्वातेमालात आजही लाखो लोक घरात बोलतात.