पाहू नका, अर्थ लावा

तुम्हाला 'टीन टायटन्स' ही सुपरहिरोंची कार्टून मालिका आवडते, असं परवा बोलता बोलता म्हणालात. आवडतं म्हणजे नेमकं काय? रॉबिन, स्टारफायर, सायबोर्ग, बीस्ट बॉय आणि रेवन ही पाच पोरं गुंडांना बदडतात, मग त्या टी आकाराच्या टॉवरवर येऊन पिझ्झ्यावर काय घालायचं यावरून भांडतात, ते बघताना मजा येते. एवढंच ना? मग तुम्ही नुसते प्रेक्षक आहात. चाहता ही वेगळी जमात आहे. तिथे साधना लागते, आणि साधनेची पहिली खूण म्हणजे मजा येणं बंद होतं.

घाबरू नका. मी या वाटेने गेलोय, सांभाळून नेतो.

सुरुवात शीर्षकगीतापासूनच करा. पफी आमियुमी या जपानी जोडीने ते गायलंय, कधी इंग्रजीत तर कधी जपानीत. जाणकारांनी फार पूर्वी शोधून ठेवलंय की जपानी वाजलं तर भाग बहुतेक वेळा खुळचट असतो आणि इंग्रजी वाजलं तर गंभीर. केवढी सोय! भाग सुरू व्हायच्या आधीच तुमचं मत तयार. जपानी सूर कानावर पडले की एक सुस्कारा सोडा आणि शेजारच्याला सांगा, "हा भरताड आहे." तो हसू लागला तर त्याच्याकडे करुणेने बघा.

मग उलटं वाचायला शिका. रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा साथीदार, पण हा नेमका कोणता रॉबिन, हे मालिका सरळ कधीच सांगत नाही. बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये रॉबिन एकापेक्षा जास्त झालेत, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण एका भागात लॅरी नावाचा बुटका, येडा, दुसऱ्या मितीतला रॉबिन येतो आणि आपलं खरं नाव सांगतो: नोस्यार्ग किकड. इंग्रजी स्पेलिंग उलटं करा, डिक ग्रेसन मिळतो. झालं, पहिल्या रॉबिनवर शिक्कामोर्तब. लिहिणाऱ्यांनी गंमत म्हणून सोडलेला हा लिमलेटचा गोळा होता. आपण तो चघळून संपवला नाही, प्रयोगशाळेत पाठवला. तेव्हापासून मी दिसेल ते उलटं वाचतो. आमच्या सोसायटीची पाटीही वाचून पाहिली. 'नवजीवन'. उलटं वाचलं तरी नवजीवनच. यात काहीतरी नक्की आहे.

रेड एक्सचं प्रकरण त्यापुढचं, त्यासाठी सुट्टी टाकावी लागेल. पहिल्या सीझनमध्ये स्लेड या मुख्य खलनायकाच्या जवळ पोचायला रॉबिन स्वतःच हा बुरखा शिवतो आणि चोर बनतो. तिसऱ्या सीझनमध्ये तो सूट भलताच कुणीतरी पळवतो. कोण? सांगितलेलंच नाही, शेवटपर्यंत नाही. साधा माणूस म्हणेल, न सांगण्यातच त्या पात्राची गंमत आहे. तुम्ही असलं काही म्हणू नका. तुम्ही म्हणायचं, जेसन टॉड, म्हणजे कॉमिक्समधला दुसरा रॉबिन. पुरावा विचारला तर म्हणा, "मग दुसरं कोण?" हा युक्तिवाद आजवर कुणालाही खोडता आलेला नाही, कारण समोरचा तोवर झोपायला गेलेला असतो.

आता जोड्या. चाहते याला शिपिंग म्हणतात, पण तुम्ही पत्रिका जुळवणं म्हणा, काम तेच आहे. रॉबिन आणि स्टारफायर यांचं स्थळ घरच्यांनीच ठरवलेलं, २००६ च्या टोकियोवाल्या चित्रपटात चुंबनही झालं. म्हणजे त्यात राम नाही. जे ठरलंय त्यावर भांडायचं कशाला? खरी लढाई बीस्ट बॉय आणि रेवनची. मुलगा: हिरवा, शाकाहारी, कोणताही प्राणी होऊ शकतो, नोकरी स्थिर. मुलगी: अबोल, वाचनाची आवड, हर्बल चहा. मुलीचे वडील: ट्रायगॉन, दुसऱ्या मितीतले राक्षस, वर्ण लाल, डोळे चार, जगं जिंकण्याचा घरचा व्यवसाय. चौथ्या सीझनमध्ये मुलीच्या वाढदिवसाला या सासरेबुवांचा निरोप आला, पुढे ते स्वतः आले आणि सगळी माणसं दगड करून बसले. एवढ्या स्थळाला छत्तीसपैकी चौतीस गुण देणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांचा आधार एक मिठी.

ती मिठी तुम्हाला पाठ हवी. पुस्तकात अडकलेल्या, स्वतःला जादूगार म्हणवणाऱ्या ड्रॅगनने रेवनला फसवलंय, ती खोलीत कोंडून बसलीय. बीस्ट बॉय दाराबाहेरून बोलतो, नेहमीचे भिकार विनोद न करता. दार उघडतं आणि ती त्याला मिठी मारते. तो गडबडतो, हात कुठे ठेवावे कळत नाही. तेवढ्यात मागून सायबोर्गने फेकलेला, घाणेरड्या मोज्यांचा गोळा येऊन आदळतो. प्रसंग खरंच सुरेख आहे, मी थट्टेत म्हणत नाहीये. एका एकट्या मुलीला दाराबाहेर कुणीतरी थांबलंय एवढं कळतं, बस. पण एवढ्यावर कुणाचं पोट भरतं? तुम्ही सेकंद मोजा. रॉबिन आणि रेवनवाल्यांच्या प्रसंगाचे सेकंद मोजा. वजाबाकी करा. मग तीन वर्षं बोलू नका एकमेकांशी.

आणि हे सगळं पाठ झालं की चाहत्याच्या आयुष्यातलं मुख्य व्रत घ्या: 'टीन टायटन्स गो!'चा द्वेष.

मूळ मालिका २००३ साली सुरू झाली, जानेवारी २००६ मध्ये ६५ भागांवर थांबली. २०१३ मध्ये तेच पाच जण, त्याच पाच कलाकारांचे आवाज, पण अकरा अकरा मिनिटांचा दंगा, असं 'गो!' आलं. बालपणाची हत्या झाली, असं तेव्हा जाहीर करण्यात आलं. तोवर पंचवीस वर्षांचे झालेल्यांच्या बालपणाची. तुम्हीही हळहळा. भाग बघून हळहळू नका, त्याने धार कमी होते.

माझ्याकडून ही चूक झाली. आठ वर्षांची भाची सतरंजीवर पालथी पडून 'गो!' बघत होती. सायबोर्ग आणि बीस्ट बॉय यांनी पैज लावलेली की 'वॅफल्स' सोडून दुसरा शब्द उच्चारायचा नाही, आणि पोरगी पाय आपटत हसत होती. मी टीव्हीसमोर उभा राहिलो. म्हटलं, बाळा, हे खरे टायटन्स नव्हेत. खरा रॉबिन स्लेडच्या ध्यासाने पोखरलेला होता. १९८० मध्ये मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी कॉमिक्समध्ये ही टोळी नव्याने उभी केली, तेव्हा तिच्यात केवढं दुःख होतं! तिने मान वाकडी करून माझ्या पोटाच्या बाजूने पडदा शोधला आणि म्हणाली, "मामा, वॅफल्स." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी दुसरा शब्द बोलली नाही.

'गो!'वाले तर आणखी निर्ढावलेले. स्लेड परत येणार असं नाव देऊन त्यांनी एक भाग केला. चाहते सरसावून बसले. टायटन्स स्लेडशी लढायला जातात, आणि लगेच परत येतात. लढाई झाली म्हणे, भव्य झाली, आपल्याला दाखवली नाही. उरलेला सगळा भाग एका विदूषकावर: लहानपणी आवडलेला विदूषक आता पोरकट का वाटतो म्हणून सायबोर्ग आणि बीस्ट बॉय त्यालाच 'सुधारायला' निघतात. हा भाग तुमच्यावरच बेतलाय असं कुणी सुचवलं तर साफ नाकारा. विदूषकाचा आणि आपला काय संबंध? आपला मुद्दा एवढाच, की स्लेड दाखवायला हवा होता.

मूळ मालिकेच्या सहाव्या सीझनची वाट बघणंही सोडू नका. २०१८ मध्ये 'गो!'चा चित्रपट आला, नामावलीच्या मध्येच जुने टायटन्स क्षणभर दिसले, परतीची वाट सापडलीय म्हणाले. त्या रात्री माझ्या ओळखीच्या एका बापई माणसाने आनंदाने पेढे वाटले. पुढच्या वर्षी निघाला तो जुन्या आणि नव्यांच्या मारामारीचा चित्रपट. पेढे तोवर संपले होते.

राहता राहिला मूळ मालिकेचा शेवटचा भाग. खरं तर हा तुम्ही बघूच नये. टेरा आठवते ना? जमीन हलवणारी. टायटन्सना फसवून स्लेडला सामील झाली आणि शेवटी शहर वाचवताना स्वतः दगड झाली. कॉमिक्समध्ये १९८४ साली ती द्वेषातच मेली होती, टीव्हीने तिला जरा बरं मरण दिलं. तर शेवटच्या भागात तिचा पुतळा जागेवर नाही, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी मुलगी शाळेच्या गणवेशात रस्त्याने जाताना दिसते. बीस्ट बॉय तिच्या मागे लागतो. जुन्या जागा दाखवतो, जुन्या गोष्टी आठवून देतो. शक्ती जागी व्हावी म्हणून चिखलाचा गोळासुद्धा फेकतो. तो तिला लागतो, बस्स. शेवटी शाळेच्या बोळात ती त्याला नीट सांगते, की तुला हवी आहे ती मुलगी मी नाही. पुढच्या तासाला भूमितीचा पेपर आहे आणि अभ्यास झालेला नाही.

तिला खरंच आठवत नसेल का? की आठवतंय पण नको आहे? की ती दुसरीच कुणी आहे? यावर वीसेक वर्षं वाद चालू आहे. काही जण मात्र तो भाग संपल्यावर टीव्ही बंद करून जेवायला गेले म्हणतात. अशांशी संबंध ठेवू नका.

मी काल बाराव्यांदा पाहिला. ती वर्गाकडे वळते तेव्हा तिच्या बुटापाशी फरशीवर किंचित धूळ हलल्यासारखी वाटते. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मोठा करून बघा, डावीकडे.