आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं

"घरात कुणी माणूस आहे का? त्यांच्याकडं फोन द्या."

आज सकाळी इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरच्या पोरानं माझ्या आत्याला हे विचारलं. मी पुण्यातून त्याच कॉलवर होतो, ऐकत होतो. आत्या एवढंच म्हणाली, "मीच बोलायले ना बाळा." त्यानं पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून डोकं ठणकतंय. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसलोय.

आत्या अंबाजोगाईला एकटी राहते. वय 71. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं 34 वर्षं शिकवलं. तिची नात बेंगळुरूला, लेक नाशिकला. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोघींशी व्हिडिओ कॉल, तेवढ्यासाठी तिनं घरात फायबर घेतलं. गुरुवारी ते बंद पडलं आणि तिनं मला फोन केला. शब्द जसेच्या तसे देतो:

"अरे, वायफायच्या डब्यावर लाल दिवा मिचमिच करायलाय. आणि गल्लीत नालीसाठी जेसीबी लागलाय, खांबापासची आपली वायर लोंबकळायलीय. तीच तुटली असंल बघ."

ह्याच्यापुढं सांगायचं काही राहिलं होतं का? आणि मी काय म्हणालो? "आत्या, आधी डबा बंद करून चालू कर."

तिनं केला. मग म्हणालो, पाच मिनिटं थांबून कर. मग म्हणालो, फोटो पाठव. आता तिच्या घराच्या भिंती जुन्या, दगडी. आत मोबाईलवर बोलण्यापुरती रेंज असते, फोटो जात नाही. फोटो पाठवायला गच्चीवर जावं लागतं. गुडघे धरून ती माझ्यासाठी तीन वेळा जिना चढली. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात दिव्यांखालची अक्षरं दिसेनात, तिसऱ्यात दिसलं तेच, जे तिनं फोनवर पहिल्या वाक्यात सांगितलं होतं. एलओएस, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा दिवा, लाल.

तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील गावाकडं आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. त्या डब्यात काचेच्या तंतूतून उजेड येतो. तंतू मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा बारीक. तो तुटला किंवा कुठं करकचून दुमडला की उजेड पोचत नाही, आणि एलओएसचा लाल दिवा पेटतो. तेव्हा तुम्ही डबा शंभर वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही, बाहेर माणसालाच जावं लागतं. आणि मोबाईलवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसत असतात, त्या फक्त मोबाईल ते डबा एवढ्यापुरत्या. "रेंज तर फुल आहे" म्हणून कुणी तुमच्या आईला खोटं ठरवायला लागला तर त्याला हे सांगा.

कंपनीनं ऐकलं असतं तर शुक्रवारी काम संपलं होतं. त्याऐवजी शुक्रवारी फोनवर तिला सांगितलं, मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दाबून धरा. तिनं आज्ञाधारकपणे साडीची पिन घातली, आणि डब्यातलं सगळं पुसलं गेलं! कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, सगळं. म्हणजे तुटलं होतं बाहेर आणि ह्यांनी घरातलं होतं तेही घालवलं. शनिवारी तिला मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढली आहे. कुणीही आलं नव्हतं. रविवारी नवी तक्रार, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा "दिवे कोणते लागलेत मॅडम". आणि आज सकाळी हे, घरात कुणी माणूस आहे का.

मान्य, त्या पोरासमोर जे प्रश्न लिहून ठेवलेत ते त्याला विचारावेच लागतात. बऱ्याच वेळा बंद-चालू केल्यानं सुटतं हेही मान्य. पण "घरात माणूस आहे का" हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं.

आणि खरं सांगू? लिहिता लिहिता त्याच्यावरचा राग उतरायला लागलाय आणि माझ्यावरचा चढायला लागलाय. त्यानं तिला कधी पाहिलेलं नाही. मी तर तिच्या मांडीवर वाढलोय. शुक्रवारी मी तिच्यावर आवाज चढवला, "आत्या, तुला कळत नाही, मी सांगतो तेवढं कर." ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "बरं, सांग." त्या "बरं"नं रात्रभर झोप आली नाही.

आज दुपारी चारला लाइनमन आला. खांबापाशी बघितलं, जेसीबीच्या दातानं वायर ओढून तोडलेली. आत्यानं गुरुवारी सांगितलेली, तीच जागा. अर्ध्या तासात जोड मारून गेला. लाल दिवा विझला, पण नेट चालेना, कारण पासवर्ड पुसलेला. माझ्या पोटात गोळा आला, आता पुन्हा तक्रार, पुन्हा चार दिवस. तेवढ्यात आत्या म्हणाली, "डबा बसवला त्या दिवशी त्या पोरानं काय काय टाकलं ते मी वहीत लिहून घेतलंय. चालंल का?"

फोन स्पीकरवर ठेवून तिनं ब्राउझरमध्ये डब्याच्या सेटिंगचा पत्ता 192.168.1.1 टाकला, टिंबांसकट. युजरनेम एकेक अक्षर मोठ्यानं वाचत भरलं. मी फक्त कुठं दाबायचं ते सांगत होतो. सहा वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. मला वही दाखवली. शाळेची दोनशेपानी वही, समास आखलेला. गुरुवारपासून रोज तिनं त्या डब्याचं चित्र काढलंय आणि दिवे रंगीत पेन्सिलींनी भरलेत. हिरवा, हिरवा, लाल. खाली तारीख, वेळ आणि कुणाशी काय बोलणं झालं ते. ही वही मी गुरुवारीच मागितली असती तर.

माफी मागायला गेलो तर म्हणाली, "राहू दे ते. वायर अजून उघडीच लोंबायलीय, जेसीबी उद्या परत येणाराय, त्याचं बघ."

शनिवारी निघतोय. वायरीवर घालायला पाइप न्यायचा म्हणालो, तर तिनं सकाळीच दोरीनं अंतर मोजून ठेवलंय. पंधरा फूट लागंल म्हणते. मी पंधराच घेणार आहे.