डजने पळवलेला एस

मराठीत प्रश्न विचारणं फार स्वस्त आहे. 'तो भाकरी खातो' या वाक्याच्या शेवटी 'का' चिकटवला की झाला प्रश्न. तोही नको असेल तर नुसता आवाज चढवा. वाक्यातलं कुणी जागचं हलत नाही. इंग्रजीत 'ही ईट्स भाकरी' हे सुखाने नांदणारं वाक्य. पण त्याचा प्रश्न करायचा म्हटलं की कुठून तरी 'डज' येतो, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहतो आणि 'ईट्स'चा एस काढून स्वतःच्या अंगावर चढवतो. मागे 'ईट' उघडाबोडका. डज ही ईट भाकरी?

हे लेकीला समजावण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवणाऱ्या पिढीतला. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालं, म्हणजे लेक माझ्यापुढे चार इयत्ता. पण घरातल्या नेमणुका सेवाज्येष्ठतेनुसार होतात.

"डज ही ईट्स," तिने वहीत लिहिलं.

"एस एकदाच गं."

"मग तो ईटलाच राहू दे ना. डू ही ईट्स."

"नाही, तो डजने घेतला."

"पण बाबा, डज तर 'ही'च्या आधी आलाय. मागून 'ही' येणार की 'दे', हे त्याला कसं कळलं?"

मी पाणी प्यायला उठलो.

प्रश्न वाजवी होता. मराठीत क्रियापद बिचारं शेवटी येतं. तोवर कर्ता, कर्म सगळी मंडळी पाटावर बसलेली असतात, त्यांची तोंडं बघून ते आपला चेहरा ठरवतं. इंग्रजी प्रश्नात त्याला आधी तोंड उघडावं लागतं आणि कर्ता अजून बोलणाऱ्याच्या पोटातच असतो. घाईत 'इज' म्हणावं तर मागून 'युवर पेरेंट्स' बाहेर येतात. आता सुटलेला 'इज' गिळायचा कसा? खुद्द इंग्रजी घरात जन्मलेल्यांचीही इथे त्रेधा उडते. किल्ल्या सापडेनात की भलेभले 'व्हेअर्ज माय कीज?' म्हणून जातात. नियमाने तिथे 'आर' हवा, पण किल्ल्या हरवलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा करू नये.

बरं, कर्ते तरी सरळ असावेत! पँट एकच, पण शोधताना 'व्हेअर आर माय ट्राउझर्स?' बातम्या ढीगभर, तरी 'इज देअर एनी न्यूज?' चोर गॅलरीत उतरलेला असला तरी शांतपणे 'आर द पोलिस कमिंग?' असंच विचारायचं, कारण पोलिस अनेकवचनी, मग येणार एकटा हवालदार का असेना. आणि 'आय ॲम लेट'च्या शेपटाला काय, तर 'आरन्ट आय?' एरवी 'आय'शेजारी 'आर' दिसला तर लाल शाई; इथे मात्र तो जावई.

लेकीच्या गोंधळाचं मूळ मला वेगळीकडेच दिसतं. आपल्याकडेही 'स' आहे, पण तो 'तू'चा. तू जातेस, तू खातोस. इंग्रजीत समोर बसलेल्या माणसाला काही नाही आणि गैरहजर तिऱ्हाइताला एस. पूर्वी त्यांच्याकडेही थोडं आपल्यासारखंच होतं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'व्हिदर गोएस्ट दाउ?' असा प्रश्न आहे. तू कुठे जातोस? क्रियापद स्वतः उठून पुढे आलं, काम झालं, मध्ये दलाल नाही. पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाउ' जवळजवळ गेला, त्याचा 'स्ट'ही गेला, आणि प्रश्नात 'डू'ने बस्तान बसवलं.

हे सगळं मी मोठ्या रंगात येऊन सांगितलं. लेक म्हणाली, "परीक्षेला आहे का?"

मराठीनेही फार मिरवू नये म्हणा. 'तू भाकरी खाल्लीस का?' यातली 'ली' भाकरीची आणि 'स' तुझा. भाकरीऐवजी आंबा असता तर 'खाल्लास'. एखाद्या इंग्रजाची पोर हा धडा घेऊन बसली तर तिचाही बाप पाणी प्यायला उठेल.

पुढच्या पानावर 'हू' होता. हू ईट्स भाकरी? डज बेपत्ता, एस पुन्हा ईटच्या अंगावर.

"आता डज कुठे गेला?"

"इथे हू स्वतःच कर्ता आहे. तो आधीच येऊन बसलाय, म्हणून डजला बोलावलं नाही."

"आणि भाकरी खाणारे दहा जण असले तर?"

"तरी बहुतेक वेळा ईट्सच."

तिने पेन खाली ठेवलं. मीही फारसा आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी तिने स्वतःच वाट शोधली. डिड, विल आणि कॅन या तिघांना कर्ता कोण याच्याशी काही देणंघेणं नाही. डिड ही, डिड दे, विल शी, कॅन यू. एक माणूस असो की अख्खी वरात, यांच्या अंगावरची इस्त्री मोडत नाही. तेव्हापासून आमच्या घरात इंग्रजी वर्तमानकाळ बंद आहे. जे काय व्हायचं ते काल झालेलं असतं, नाहीतर उद्या होणार असतं. परवा तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "डू यू लाइक मँगोज?"

"येस मॅडम," लेक म्हणाली, "आय विल."