नदीची बँक आणि पैशांची बँक

एका लेखात इंग्रजी बँक (bank) या शब्दाबद्दल लिहिलंय की नदीचा काठ आणि पैशांची बँक हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सेम आहे. इंग्रजीपुरतं बरोबर आहे पण अजून मागे गेलं तर दोन्ही एकाच जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांचं कुटुंब) मुळाशी जाऊन पोचतात हे सांगायलाच हवं होतं. काठवाला अर्थ स्कँडिनेव्हियन लोकांकडून साधारण १२०० च्या सुमारास आला, आणि पैशांवाला इटालियन बांका म्हणजे बाकडं, सराफ ज्यावर नाणी मांडून बसायचे ते, त्यावरून फ्रेंचमधून बऱ्याच नंतर आला. बेंच पण त्याच घरातला, आणि बँक्वेट (मेजवानी) म्हणजे मुळात छोटं बाकडं!! मला तर हे वाचताना दरवेळी भारी वाटतं. बँकरप्ट (दिवाळखोर) पण तिथलाच, बांका रोत्ता म्हणजे मोडलेलं बाकडं, त्यातला रप्ट नंतर लॅटिनच्या प्रभावाने झाला.

विमान वळताना बँक होतं, म्हणजे एका बाजूला कलतं, ते मात्र काठाच्या उतारावरून. आणि ब्लड बँक हा शब्द १९३७ मध्ये शिकागोच्या डॉ. बर्नार्ड फँटस यांनी दिला, रक्त जमा करायचं आणि लागेल तेव्हा काढायचं, किती चपखल शब्द आहे.