द्राक्षाच्या जीए हार्मोननं पोरं बायकी होत नसतात राव

द्राक्षाचा सीझन आला की आमच्या सांगली-तासगावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, बागायतदार घड हार्मोनमध्ये बुडवतात, ती द्राक्षं खाऊन पोरींना लवकर पाळी येते, पोरं बायकी होतात आणि उत्क्रांतीनं दोन पिढ्यांत पुरुष जातच संपणार.

घड बुडवतात हे खरंय, त्यात लपवायचं काय. ते हार्मोन म्हणजे मणी फुगवणारं जिबरेलिन, म्हणजेच जीए. बी असली की झाड ते स्वतःच करतं, थॉमसन-सोनाका या जातींत बी नाही म्हणून जीए बाहेरनं द्यावं लागतं. मुळात ते सापडलं जपानमध्ये, भाताची रोपं भलतीच उंच वाढवणाऱ्या बुरशीत, 1926 ला कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं. त्याला ओळखणारा रिसेप्टर झाडात असतो, माणसात नाही, मग इस्ट्रोजेनचं, म्हणजे बायकांच्या हार्मोनचं काम ते करणार कसं?

पाळी लवकर येते हेही खरं, पण युरोपात 19व्या शतकात सोळा-सतराला यायची ती 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत तेराच्या आसपास आली, कारण मुख्यतः खाणंपिणं सुधारलं न आजार कमी झाले. आता त्यात लठ्ठपणाची भर. पोरीला आठ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर मात्र डॉक्टरकडं जा, ग्रुपवर विचारत बसू नका.

पोरं बायकी म्हणजे काय तर केस वाढवले न भाकरी थापली, असंच ना? वृषण बनायचं काम पुरुषांत असणाऱ्या वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय जीन पोटात असतानाच, सहा-सात आठवड्यांत सुरू करतो, पाचवीतल्या पोरानं किलोभर द्राक्षं खाल्ली म्हणून ते उलटत नाही. आणि पुरुष जात संपायचं म्हणाल तर गेल्या अडीच कोटी वर्षांत माणसाच्या वायनं जुन्या जीनपैकी फक्त एक गमावलाय.

पण केमिकलची भीती सगळीच फालतू नाही हां. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत गरोदर बायकांना द्यायचे, 1971 ला कळलं की त्यांच्या काही मुलींना योनीमार्गाचा कॅन्सर होतोय. आणि डीबीसीपी, सूत्रकृमी मारायचं शेतीचं औषध, ते बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कामगारांना पोरं होईनात, 1977 ला तपासलं तर कित्येकांचे शुक्राणू एकदम कमी नाहीतर शून्य. म्हणजे मार बसला तो औषध हाताळणाऱ्याला. आपल्याकडं ब्लोअरवर बसणारा गडी तोंडाला टॉवेल गुंडाळून फवारतो, औषध उघड्या हातानं कालवतो, त्याच्यावर एक मेसेज येत नाही, आणि फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं हे लेबलवर छापलेलं असतं ते वाचणारे तरी कितीजण आहेत ग्रुपमध्ये?